मिठाने दात घासणारा डेल्फ्टचा कापडवाला

सन १६८३. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट या लहानशा गावात पन्नाशीतल्या एका कापडवाल्याची नजर एका म्हाताऱ्याच्या दातांवर गेली. म्हातारा साधा, निर्व्यसनी. ब्रँडी नाही, तंबाखू नाही, वाइनसुद्धा क्वचितच. पण दातांवर किटणाचा जाड थर चढलेला. तोंड शेवटचे कधी धुतले, असे त्याला विचारण्यात आले. उभ्या आयुष्यात कधीच नाही, असे उत्तर मिळाले.

दुसऱ्या कोणी नाक मुरडले असते. या कापडवाल्याने त्या दातांमधले थोडेसे किटण काढून घेतले, स्वच्छ पाण्यात कालवले आणि स्वतः घासून तयार केलेल्या भिंगाखाली धरले. त्या थेंबात जिवंत प्राण्यांची एवढी गर्दी होती, आणि ते इतक्या चपळाईने पोहत होते, की तसे दृश्य त्याने तोपर्यंत पाहिलेच नव्हते.

अँटनी व्हॅन लेव्हेनहूक हे त्याचे नाव. जीवाणू पहिल्यांदा पाहणारा माणूस म्हणून शाळेच्या पुस्तकात तो एखाद्या ओळीत भेटतो. त्या ओळीत सहसा येत नाही ती गोष्ट अशी, की त्याच्या सर्वांत महत्त्वाच्या शोधांपैकी एक माणसाच्या तोंडातला होता आणि त्यातल्या निरीक्षणाचा सर्वांत ठळक नमुना एका म्हाताऱ्याच्या दातांचा होता.

नाशिककरांनी ही गोष्ट आज ऐकण्याला कारण आहे. अंबड आणि सातपूरच्या कारखान्यांत पाळ्या करून ज्यांनी सिडकोत घरे घेतली, ती पिढी आता सत्तरी-पंचाहत्तरीत पोहोचली आहे. अनेकांची मुले पुण्यात, बंगळुरूत किंवा परदेशात आहेत. पक्षाघात झाला, विसरभोळेपणा वाढला किंवा जोडीदार गेला, की काही जणांना वृद्धाश्रमात किंवा शुश्रूषा केंद्रात राहावे लागते. तिथे जेवण, औषधे, आंघोळ, डायपर या सगळ्याची चौकशी नातेवाईक करतात. दात कोण घासून देते, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारत नाही.

टोपल्या विणणाऱ्याचा मुलगा

लेव्हेनहूकचा जन्म २४ ऑक्टोबर १६३२ रोजी डेल्फ्टमध्ये झाला. वडील टोपल्या विणत. आईचे माहेर बिअर बनवणाऱ्यांचे. तो पाच-सहा वर्षांचा असतानाच वडील गेले. आईने दुसरे लग्न केले. मुलाला बाहेरगावी शाळेत घातले, नंतर काही काळ तो एका नातेवाइकाकडे राहिला. सोळाव्या वर्षी त्याला अॅमस्टरडॅमला एका कापड व्यापाऱ्याकडे उमेदवारीला ठेवले. महाविद्यालयाचे तोंड त्याने पाहिले नाही. त्या काळी शास्त्राची भाषा लॅटिन होती. ती त्याला कधीच आली नाही.

१६५४ मध्ये तो डेल्फ्टला परतला, बार्बरा नावाच्या मुलीशी लग्न केले आणि कापडाचे दुकान थाटले. त्यांना पाच मुले झाली. त्यांपैकी मारिया ही एकच मुलगी जगली. १६६६ मध्ये बार्बराही गेली. पाच वर्षांनी त्याने दुसरे लग्न केले. दुसरी पत्नीही त्याच्या आधी तीन दशके गेली.

कापडाच्या धंद्यात सूत किती बारीक आहे, विणीत किती धागे आहेत, हे पाहायला भिंग लागते. मालेगाव-इचलकरंजीच्या कापडवाल्यांनाही ते नवे नाही. लेव्हेनहूकच्या हातात भिंग आले ते बहुधा याच वाटेने. पण धागे मोजून तो थांबला नाही. काचेचे बारीक मणी करून, घासून, पितळेच्या किंवा चांदीच्या दोन पत्र्यांमध्ये बसवून तो स्वतःची सूक्ष्मदर्शके बनवू लागला. एकच भिंग, बोटाएवढे यंत्र, डोळ्याला अगदी चिकटवून धरायचे. आज शिल्लक असलेल्या यंत्रांपैकी सर्वांत चांगले वस्तू सुमारे २७० पट मोठी दाखवते. त्या काळातल्या दोन भिंगांच्या मोठ्या सूक्ष्मदर्शकांनाही ते जमत नव्हते.

दुकानाबरोबर त्याला नगरपालिकेची नोकरीही मिळाली होती. १६६० पासून तो शहराच्या अधिकाऱ्यांच्या दालनाचा रखवालदार होता. दालन उघडायचे, बंद करायचे, ते झाडून-पुसून नीट ठेवायचे, थंडीत शेकोटी पेटवायची, ही त्याची कामे. ही नोकरी त्याने जवळजवळ चार दशके सांभाळली. जगातल्या सर्वांत सूक्ष्म जीवांचा शोध लावणारा माणूस पगार घेत होता तो स्वच्छता राखण्याचा.

लंडनला गेलेली पत्रे

१६७३ मध्ये डेल्फ्टचाच एक वैद्य, राइनियर द ग्राफ, याने लंडनच्या रॉयल सोसायटीला लेव्हेनहूकची ओळख करून दिली. तेव्हापासून पुढची पन्नास वर्षे तो पत्रे लिहीत राहिला. ती बोलीभाषेत, घरगुती डच वळणाची असत. लंडनमध्ये त्यांचे भाषांतर होई आणि सोसायटीच्या नियतकालिकात ती छापली जात. मुंगी, पिसू, रक्त, शुक्राणू, माशाचे खवले, पावसाचे पाणी, जे हाताला लागेल ते त्याने भिंगाखाली धरले.

१६७६ मध्ये मिरी भिजवलेल्या पाण्यात त्याला अतिसूक्ष्म प्राणी दिसले. ते जीवाणू होते. लंडनमध्ये कोणाचा विश्वास बसेना. एका कापडवाल्याला दिसते आणि विद्वानांना दिसत नाही, हे कसे, अशी शंका होतीच. लेव्हेनहूकने गावातल्या प्रतिष्ठित लोकांना बोलावून ते प्राणी दाखवले आणि त्यांच्या सहीची प्रमाणपत्रे लंडनला धाडली. अखेर १६७७ मध्ये रॉबर्ट हूकने स्वतः प्रयोग करून खात्री केली. १६८० मध्ये सोसायटीने या लॅटिन न येणाऱ्या दुकानदाराला आपला सदस्य करून घेतले.

दातांमधली वस्ती

तोंडाविषयीचे त्याचे प्रसिद्ध पत्र १७ सप्टेंबर १६८३ चे आहे. त्याची सुरुवात त्याने स्वतःच्या दातांपासून केली. तो रोज सकाळी मिठाने दात घासत असे आणि पाण्याने चूळ भरत असे. जेवणानंतर दाढा दातकोरण्याने साफ करी आणि फडक्याने जोर देऊन पुसून काढी. त्या वयाच्या फार थोड्या लोकांचे दात इतके स्वच्छ असतात, असा त्याचा दावा होता. मिठाने कितीही घासले तरी हिरड्यांतून रक्त येत नाही, हेही त्याने नोंदवले. दातांचे ब्रश, पेस्ट, दंतवैद्य यांतले काहीही सहज उपलब्ध नसलेल्या काळात ही शिस्त विलक्षण होती. आपल्याकडे आजी-आजोबा मीठ, राखुंडी किंवा बाभळीची काडी वापरत, त्याच घराण्यातली ही सवय.

एवढे करूनही दोन दातांच्या फटीत पिठाच्या घोळासारखा पांढरट थर उरतोच, हे त्याच्या लक्षात आले. स्वतःची लाळ त्याने आधी तपासली. तिच्यात त्याला काही जिवंत दिसले नाही. मग तो पांढरा थर पावसाच्या स्वच्छ पाण्यात मिसळून पाहिला, आणि त्यात हालचाल होती. काही प्राणी पाण्यात माशासारखे सुळकन निघून जात, काही भोवऱ्यासारखे गरगरत, काही एवढे बारीक की चिलटांच्या थव्यासारखे भासत. रोज तोंड धुणाऱ्या दोन स्त्रियांच्या दातांमधला थर त्याने पाहिला. तिथेही तेच. त्यानंतर आला तो कधीच तोंड न धुतलेला म्हातारा. त्याच्याकडे संख्याही प्रचंड आणि चपळाईही जास्त.

एका माणसाच्या तोंडातले हे रहिवासी आपल्या सगळ्या देशाच्या लोकसंख्येपेक्षा जास्त भरतील, असा हिशेब लेव्हेनहूकने केला. आजच्या मोजमापाने पाहिले तर त्याने आकडा कमीच धरला होता.

या पत्रातला खरा गाभा पुढे आहे. त्याने कडक व्हिनेगर तोंडात घेतले, दात मिटून ते फटींमधून पुन्हा पुन्हा खेळवले आणि नंतर साध्या पाण्याने चुळा भरल्या. मग दातांमधला थर परत तपासला. प्राणी जिवंतच होते, तेही मोठ्या संख्येने. पण तोच थर दातांवरून काढून बाहेर व्हिनेगरमध्ये कालवला, की ते ताबडतोब मरत. त्यावरून त्याने निष्कर्ष काढला की व्हिनेगर थराच्या आतपर्यंत पोहोचतच नाही. बाहेरचे तेवढे मरतात, आतले सुखरूप राहतात.

नऊ वर्षांनी, १६९२ मध्ये, त्याला समोरच्या दातांवर जिवंत प्राणी सापडेनासे झाले. तो विचारात पडला. कारण सापडले ते त्याच्या सकाळच्या कॉफीत. तो ती इतकी कढत पीत असे, की पुढच्या दातांवरचे प्राणी होरपळून मरत. मागच्या दाढांपर्यंत ती उष्णता पोहोचत नव्हती. तिथे पाहिले तर वस्ती शाबूत होती.

ही दोन्ही निरीक्षणे आज जैवपटल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रचनेची पहिली चाहूल आहेत. दातांवरचा थर म्हणजे सुटे सुटे जंतू नसतात. ते एकमेकांना आणि दाताला चिकट द्रव्याने धरून राहतात, जणू एखादी तटबंदी असलेली वस्ती. वरून औषधी पाणी फिरवले तर तटाबाहेरचे मरतात. तट पाडायचा असेल तर घासावेच लागते. साडेतीनशे वर्षांनंतरही तोंडाच्या स्वच्छतेचा हा पहिला नियम बदललेला नाही, आणि वृद्धाश्रमात नेमका तोच सर्वांत जास्त मोडला जातो. चूळ भरायला लावली, माउथवॉश दिला, ओल्या बोळ्याने ओठ पुसले, की तोंडाची काळजी झाली असे मानले जाते.

नव्वदीतला बाप, साठीतली मुलगी

कीर्ती वाढत गेली. १६९८ मध्ये रशियाचा झार पीटर डेल्फ्टवरून जलमार्गाने जाताना मुद्दाम थांबला आणि लेव्हेनहूकने त्याला ईल माशाच्या शेपटीतले रक्ताभिसरण दाखवले. पण घरातले जीवन साधेच राहिले. दोन्ही बायका गेल्यावर घर सांभाळले ते मारियाने. तिने लग्न केले नाही. बापाच्या कामात आणि म्हातारपणात तीच सोबत होती.

लेव्हेनहूक ९० वर्षे जगला. शेवटच्या काळात त्याला छातीखाली, पोटाजवळ जोरात धडधडल्यासारखे झटके येत. वैद्यांना वाटे की हृदयाचा विकार आहे. त्याने स्वतःचे निरीक्षण करून ठरवले की हृदय नव्हे, श्वासपटल आकसते आहे. त्याचे म्हणणे बरोबर होते. या दुर्मिळ विकाराला पुढे त्याचेच नाव मिळाले. अखेरच्या आजारपणातही त्याने मित्राला बोलावून दोन पत्रांचे लॅटिनमध्ये भाषांतर करून लंडनला पाठवायला सांगितले. २६ ऑगस्ट १७२३ रोजी तो गेला. मारिया तेव्हा ६६ वर्षांची होती. वडिलांनी सोसायटीसाठी राखून ठेवलेली २६ सूक्ष्मदर्शके तिने लंडनला धाडली. पुढच्या शतकात ती तिथून हरवली.

आपल्याला दिसलेले हे प्राणी माणसाला आजारी पाडतात, असे लेव्हेनहूकने कधी म्हटले नाही. त्याने जे पाहिले तेवढेच लिहिले. दातांवर उपचार करण्याचे शास्त्र मांडणारा पियर फोशार याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी, १७२८ मध्ये फ्रान्समध्ये आला. जंतूंमुळे रोग होतात हे सिद्ध व्हायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. बर्लिनमध्ये काम करणारा अमेरिकी दंतवैद्य विलोबी मिलर याने १८९० च्या सुमारास तोंडातल्या जंतूंवर मोठे काम केले आणि तोंड हे शरीरातल्या इतर आजारांचे उगमस्थान असू शकते असे मांडले. या कल्पनेचा नंतर अतिरेकही झाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला संधिवातापासून वेडापर्यंत कशावरही उपाय म्हणून धडधाकट दात उपटले गेले. ती लाट ओसरली. तोंड आणि फुप्फुस यांच्यातले नाते मात्र खरे निघाले.

दातांपासून फुप्फुसापर्यंत

निरोगी माणूस दिवसभरात शेकडो वेळा लाळ गिळतो. झोपेत थोडी लाळ चुकून श्वासनलिकेत उतरते. ठसका लागतो, खोकला येतो, काम भागते. पक्षाघात, पार्किन्सन, स्मृतिभ्रंश किंवा नुसती वार्धक्याची दुर्बलता असेल, तर गिळण्याची आणि खोकण्याची ही ताकद कमी होते. लाळ गुपचूप फुप्फुसात उतरत राहते. तोंड स्वच्छ असेल तर त्या लाळेत जंतू कमी असतात. दातांवर, जिभेवर, कवळीवर महिनोन्महिने थर साचला असेल, तर प्रत्येक थेंबाबरोबर जंतूंचा मोठा साठा खाली जातो. यातून न्यूमोनिया होऊ शकतो. म्हाताऱ्या माणसात त्याची लक्षणे फसवी असतात. ताप येईलच असे नाही. अचानक गोंधळल्यासारखे वागणे, जेवण सोडणे, श्वास भरभर चालणे, एवढेच दिसते.

जपानमधल्या संशोधकांनी ११ शुश्रूषा केंद्रांतल्या रहिवाशांवर केलेला अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाचे दात कर्मचारी प्रत्येक जेवणानंतर घासून देत आणि दंतवैद्य किंवा त्यांचे सहायक आठवड्यातून एकदा तोंड साफ करत. दुसऱ्या गटाला असे काही ठरवून दिले जात नव्हते. दोन वर्षांत दुसऱ्या गटातल्या १९ टक्के लोकांना न्यूमोनिया झाला, तर पहिल्या गटात हे प्रमाण ११ टक्के होते. ज्यांना दात उरले नव्हते, त्यांनाही फायदा झाला. हिरड्या, टाळू आणि जीभ यांच्यावरही थर बसतोच.

सगळ्या अभ्यासांचे निकाल इतके सरळ नाहीत. अमेरिकेतल्या ३६ शुश्रूषा केंद्रांत ८३४ रहिवाशांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीत घासणे, क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक आणि जेवताना सरळ बसवणे असे एकत्र करूनही न्यूमोनिया कमी झाल्याचे दिसले नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अमेरिकी अभ्यासात १४ केंद्रांतले दोन हजारांहून अधिक रहिवासी होते. तिथे तोंडाच्या काळजीचे खास प्रशिक्षण दिल्यावर पहिल्या वर्षी न्यूमोनियाचे प्रमाण घटले, दुसऱ्या वर्षअखेर तो फरक टिकलेला नव्हता. प्रशिक्षण एकदा देऊन भागत नाही, रोजचे काम रोज व्हावे लागते, एवढा धडा त्यातून नक्की घेता येतो.

न्यूमोनिया बाजूला ठेवला तरी दुखणाऱ्या दाताचा प्रश्न उरतोच. ज्याला बोलता येत नाही, त्याचा दात दुखतो हे कोणाला कळत नाही. तो ताट दूर लोटतो, चिडतो, मारायला धावतो, आणि वही भरताना त्याच्या नावापुढे हट्टी किंवा आक्रमक अशी नोंद होते.

मावशींच्या हातातला ब्रश

वृद्धाश्रमात हे काम पडते ते मावशी आणि मामांवर. एका मावशीकडे २० रहिवासी असतील आणि प्रत्येकाला दोन वेळा पाच-पाच मिनिटे द्यायची असतील, तर दिवसाला २०० मिनिटे लागतात. म्हणजे तीन तास वीस मिनिटे. ब्रश आणि पेस्ट स्वस्त आहे, महाग आहे ती ही वेळ. म्हणून ज्यांना स्वतः घासता येते त्यांच्या हातात जाड मुठीचा ब्रश द्यावा. मुठीला कापड गुंडाळून किंवा रबराची नळी बसवून तो घरच्या घरी करता येतो. मावशींचा वेळ ज्यांना खरोखर गरज आहे त्यांच्यासाठी राखावा. दोनदा जमत नसेल तर रात्रीचे घासणे चुकवू नये. झोपेत लाळ कमी होते आणि थराला मोकळे रान मिळते.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे दात आडवे निजवून घासू नयेत. उशा लावून उठवून बसवावे. ते शक्य नसेल तर कुशीवर वळवावे, छातीवर टॉवेल ठेवावा. मऊ ब्रश, त्यावर वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट. घोटभर पाणी ओतून चूळ भरायला लावण्यापेक्षा फेस ओल्या, घट्ट पिळलेल्या कापडाने टिपून घ्यावा. पाणी जितके कमी, तितका ठसक्याचा धोका कमी. दातांनंतर हिरड्या, गालाची आतली बाजू, टाळू आणि जीभ. शेवटी ओठांना व्हॅसलिन. रक्तदाबाच्या, झोपेच्या, नैराश्याच्या अनेक गोळ्यांनी तोंड कोरडे पडते. अशांना थोडे थोडे पाणी द्यावे आणि डॉक्टरांना औषधांबद्दल विचारावे.

कवळी रात्री काढायलाच हवी. जपानमध्येच सरासरी ८८ वर्षे वयाच्या ५२४ जणांवर तीन वर्षे लक्ष ठेवले गेले. कवळी लावूनच झोपणाऱ्यांमध्ये न्यूमोनियाचा धोका इतरांच्या दुपटीहून अधिक आढळला. काढलेली कवळी ब्रश आणि साध्या साबणाने घासावी, उकळत्या पाण्यात टाकू नये, रात्रभर स्वच्छ पाण्यात ठेवावी. नुसती पाण्यात बुडवून ठेवली म्हणजे स्वच्छ झाली असे नाही. व्हिनेगरने न हटलेला थर साध्या पाण्याने कसा हटेल? प्रत्येक कवळीवर आणि डबीवर नाव असावे. एकाची कवळी दुसऱ्याच्या तोंडात जाण्याचे प्रकार यानेच टळतात.

स्मृतिभ्रंश झालेले आजोबा तोंड उघडत नाहीत, ही मावशींची नेहमीची अडचण. जबरदस्तीने तोंड उघडू पाहिले की ते चावतात. रोज तीच व्यक्ती, तीच वेळ, तीच जागा असेल तर विरोध कमी होतो. मागून न येता समोर बसावे, नावाने हाक मारावी, ब्रश दाखवावा, त्यांच्याच हातात देऊन वर आपला हात धरावा. नाहीच जमले तर अर्ध्या तासाने पुन्हा यावे. शिस्तीपेक्षा ओळख इथे जास्त उपयोगी पडते.

महाराष्ट्रात आणखी एक गोष्ट पाहावी लागते. अनेक आज्यांना मिश्रीची सवय असते आणि ती दात घासण्याचाच एक प्रकार आहे असे त्या मानतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. तिने दात स्वच्छ होत नाहीत, तोंडाचा कर्करोग मात्र होऊ शकतो. म्हणून तोंड साफ करताना पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, गाठ किंवा तोंड उघडायला होणारा त्रास दिसला, तर लगेच दंतवैद्याला दाखवावे. रोज तोंडात डोकावणाऱ्या मावशीच्या नजरेला हे सर्वांत आधी दिसते. वर्षातून एकदा होणाऱ्या शिबिरातल्या डॉक्टरांना ते उशिरा दिसेल. नाशिकमध्ये दंतमहाविद्यालय आहे, राज्याचे आरोग्य विज्ञान विद्यापीठही इथेच आहे. वृद्धाश्रमांनी त्यांच्याकडून तपासणीबरोबर मावशींचे प्रशिक्षणही मागून घ्यावे आणि ते दर काही महिन्यांनी पुन्हा व्हावे.

लेव्हेनहूकच्या घरी म्हातारपणी मारिया होती. अंबड-सिडकोतल्या प्रत्येक आजोबांकडे तशी कोणी असेलच असे नाही. तिची जागा पगारी माणसांनी घ्यायची असेल, तर त्यांच्या कामाच्या यादीत दात घासणे हे आंघोळ आणि औषधांइतकेच स्पष्ट लिहिलेले असायला हवे. किती जणांचे, कोणी, कधी, हे वहीत नोंदलेले हवे. वृद्धाश्रमात भेटायला जाणाऱ्या नातेवाइकांनीही फळांच्या पिशवीत एक मऊ ब्रश टाकून न्यावा. आई-वडिलांना आ करायला सांगून एकदा तोंडात पाहावे. कवळीची डबी उघडून पाहावी. आणि निघताना मावशींना विचारावे की काल रात्री यांचे दात कोणी घासले. उत्तर मिळाले नाही, तर पुढच्या भेटीत तोच प्रश्न पुन्हा विचारावा.